सोमवारचे बैल

आबासाहेबांनी तारीख सांगितली आणि काशम्मा बोटांवर वार मोजू लागली. मोजायची खरं तर काही गरज नव्हती. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं आणि त्यात तारखेखाली वार चांगला ठळक छापलेला होता. पण नको ती गोष्ट माणूस दोनदा तपासून बघतं, तसं तिचं झालं.

"सोमवार येतोय की आबासाहेब," ती म्हणाली.

"येऊ दे. साहेबांना तोच सोयीचा आहे. रविवारी ते सोलापुरात उतरतील, सोमवारी सकाळी जीपने तुमच्याकडे, आणि रात्रीच्या गाडीने परत मुंबई."

सोलापूरच्या नव्या पेठेत, चादरीच्या एका दुकानावर जी माडी होती तिथे संस्थेची कचेरी होती. दोन टेबलं, एक कपाट आणि आबासाहेब, एवढाच तिचा पसारा. आबासाहेब शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. स्वस्थ बसून पेन्शन खायची सोडून हा माणूस खेडोपाडी शाळा काढत हिंडायचा, म्हणजे मनाने चांगलाच म्हणायचा. एक खोड मात्र होती. मुंबईहून पत्र आलं की त्यांचा आवाज बदलायचा. साहेबापुढे उभं राहायची जी सवय तीस वर्षांच्या नोकरीत लागली होती, ती निवृत्तीनंतर बंडीसारखी अंगातच राहिली होती.

मोठा दुष्काळ सरल्यावर मुंबईच्या एका दानसंस्थेनं त्यांना अनुदान दिलं होतं. मैंदर्गीच्या पलीकडे, ओढ्यापल्याड काशम्माची वस्ती आहे. तिथे तीन कामं करायची होती. मुलींसाठी शाळा चालवायची, उजाड गायरानावर झाडं जगवायची, आणि गावाचे निर्णय गावानेच घ्यावेत म्हणून एक समिती बसवायची, बायकांसकट. मार्चअखेर हे अनुदान संपत होतं. पुढचं द्यायचं की नाही, ते हे साहेब बघून ठरवणार होते. नाही ठरलं, तर एप्रिलपासून शाळेला कुलूप.

त्या शाळेत काशम्मा शिकवायची. तिचा नवरा शिवयोगी लॉरीच्या अपघातात गेला तेव्हा तिची बसम्मा मांडीवर होती. आता बसम्मा चौथीत होती, आणि पहिल्या रांगेत बसून आईलाच "बाई" म्हणायची. शाळा नसती तर तीही वस्तीतल्या इतर पोरींसारखी भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली असती. मैंदर्गीची शाळा ओढ्यापलीकडे, आणि ओढा ओलांडून मुलीला कुणी पाठवत नव्हतं.

"सोमवारी गाड्या चालत न्हाईत आबासाहेब," काशम्मा म्हणाली. "सोमवार बसवण्णाचा, तुमच्या नंदीचा. बैल जुंपत न्हाईत आमच्यात."

आबासाहेबांनी चष्मा काढला. गायरान उंचावर, विहीर खाली. झाडांना पाणी जायचं ते बैलगाडीवर पिंपं ठेवून. काशम्माचा सासरा बसप्पा, त्याची गाडी एक दिवस, वस्तीतल्या निंगप्पाची दुसऱ्या दिवशी, आणि त्याचं भाडं अनुदानातून मिळायचं.

"पण तुम्ही तर मला लिहून दिलंत, रोज पाणी जातं म्हणून. मी तेच मुंबईला कळवलं."

काशम्माने लिहिलं होतं खरं. सोमवार वगळून असं लिहायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जी गोष्ट वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत, ती कागदावर कोण लिहितं? सूर्य रात्री नसतो असं कुणी लिहून देतं का? पण मुंबईला ते माहीत नव्हतं आणि, आता कळलं, सोलापूरलाही नव्हतं.

"हे बघा काशम्मा," आबासाहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "गेल्या वर्षी याच साहेबांनी शेजारच्या तालुक्यातली एक संस्था बघितली. झाडं वाळलेली होती, अहवालात हिरवी होती. एका वाक्यात सगळं बंद केलं. शाळासुद्धा. मुलं रडत होती म्हणतात. आता गाडी उभी दिसली की हा माणूस काय म्हणेल? अहवाल खोटा. मग शाळा खरी आहे हे त्याला कोण पटवणार? एक फेरी. फक्त एक फेरी, साहेबांच्या डोळ्यांदेखत. तुमच्या सासऱ्यांना सांगा."

"मामांना?" काशम्माच्या तोंडून एवढंच निघालं.

"तुमचं ऐकतील ते."

"समितीपुढं ठेवू का?"

"नको," आबासाहेब घाईने म्हणाले. "तिथे नको म्हणतील."

खाली चादरीच्या दुकानात कुणीतरी मोठमोठ्याने भाव करत होतं. काशम्मा उठली आणि जिना उतरली. अक्कलकोटच्या गाडीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेर काय गेलं नि काय आलं ते तिला दिसलं नाही. ती मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होती, आणि ते कसंही जुळवलं तरी वाईटच दिसत होतं.

बसप्पा हा काही कर्मठ म्हातारा नव्हता, हे आधी सांगायला पाहिजे. सुनेला शाळेवर पाठवायचं ठरलं तेव्हा भाऊबंदांनी त्याला फाडून खाल्लं होतं. विधवा बाई, चार लोकांत उभी राहणार, कागदावर सह्या करणार. तेव्हा हाच म्हातारा कट्ट्यावर उभा राहून म्हणाला होता, "माजी सून हाय, माजं मी बगतो." लिंगाची पूजा करायचा, पण दुसऱ्याच्या कपाळावर विभूती आहे की नाही ते बघत फिरायचा नाही. सगळ्या आयुष्यात त्याने एकच गोष्ट हट्टानं धरली होती, ती सोमवारची. सोमवारी बैल धुवायचे, त्यांच्या कपाळी विभूती लावायची, गूळभाकरी आधी त्यांना आणि मग आपण. लेक गेला तो सोमवार. त्या दिवशी म्हातारा सोलापूरच्या इस्पितळात जायला निघाला तेव्हाही त्याने गाडी जुंपली नव्हती. मैंदर्गीपर्यंत धावत गेला होता. पोचला तेव्हा शिवयोगी संपला होता. गाडीने गेला असता तर भेट झाली असती का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. काशम्मानेही नाही.

आणि त्याच माणसाला आता तिने विचारायचं होतं.

तो गोठ्यापुढे कडबा तोडत बसला होता. तिने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुंबईचे साहेब, तारीख, अहवाल, एक फेरी. बोलताना ती बैलांकडे बघत होती.

बसप्पाचा विळा थांबला नाही. पेंढी संपल्यावर त्याने तो बाजूला ठेवला.

"आगल्ला यव्वा," तो म्हणाला. होणार नाही, बाई. आवाज चढलेला नव्हता. "दुसरं काय बी माग."

"दुसरं काय मागू मामा? साहेब दुसऱ्या वारी येत न्हाय."

"मग त्येला सांग, आज सोमवार हाय."

"आमी लिवून दिलंय, रोज पानी जातं म्हनून. आता सोमवार सांगितला तर त्येला ते निमित्त वाटंल."

बसप्पाने तांब्या उचलला, पाणी प्याला नाही, तसाच ठेवला. मग विळा उचलून दुसरी पेंढी पुढे ओढली. काशम्मा निंगप्पाकडे गेली. निंगप्पा समितीचा अध्यक्ष, त्याच्यापाशी दुसरी गाडी होती. तिने आडून आडून विषय काढला तर तो हसला.

"माजा बैल मुंबईला वळकत न्हाय बाई. त्यो फकस्त सोमवारला वळकतो."

रविवार उजाडला. काशम्माने शाळा झाडून काढली, फळा काळा केला, पोरींना स्वच्छ परकर घालून यायला सांगितलं. दिवेलागणीला बसम्मा ओसरीवर बसून धडा वाचत होती. मोठ्याने वाचायची तिला सवय होती आणि बसप्पाला ऐकायची. त्याला अक्षर येत नव्हतं. नात अडखळली की तो थांबायचा, ती पुढे गेली की मान हलवायचा, जणू मजकूर बरोबर असल्याची साक्ष देतोय.

धडा संपला. बसम्मा पाणी आणायला आत गेली.

"शाळा बंद झाली तर हिचं काय?" बसप्पाने विचारलं.

काशम्माला खोटं बोलता आलं असतं. मैंदर्गीला पाठवू, सोलापुरात वसतिगृह बघू, असं काहीतरी. "काय न्हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं घरात. मग लगीन."

म्हाताऱ्याने नातीचं उघडं राहिलेलं पुस्तक मिटून ठेवलं.

"किती वाजता येनार तुजा साहेब?"

तेव्हा तिने म्हणायला हवं होतं, राहू द्या मामा. तसं ओठांवर आलंही होतं. पण त्याच क्षणी तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदात ते शब्द वाहून गेले. "धाच्या सुमाराला," ती म्हणाली. मग तिला त्या आनंदाची लाज वाटली. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

सोमवारी सकाळी बसप्पाने सगळं नेहमीसारखं केलं. बैल धुतले, विभूती लावली, गूळभाकरी चारली. स्वतः मात्र काही खाल्लं नाही. मग तो गोठ्याच्या कोपऱ्यातून जू घेऊन आला.

बसव्या आणि मल्लू ही वस्तीतली सगळ्यांत गुणी जोडी. जू दिसलं की दोघं आपण होऊन मान खाली घालून पुढे यायचे, सांगावं लागायचं नाही. त्या दिवशी ते आले नाहीत. कान उभे करून जागेवर थांबले. मारके झाले नाहीत की बुजले नाहीत, नुसते थांबले, आणि म्हाताऱ्याकडे बघत राहिले. बसप्पाने एकेकाच्या मानेवर हात ठेवून ती खाली केली. काशम्मा दारात उभी होती. तिला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता जाऊन ते जू ओढून घ्यावं. पण दहा वाजत आले होते.

गाडी विहिरीकडे निघाली. वस्तीतली एकच वाट, दोन्ही बाजूंना घरं. चाकाचा आवाज ऐकून बायका दारात आल्या, गाडी बघितली, आणि एकेक करून आत गेल्या. कुणी दार लोटलं, कुणी नुसता पदर ओढून पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त ईरम्मा म्हातारी ओट्यावरून हलली नाही. ही समितीतली सगळ्यांत फटकळ बाई.

"बसप्पा," तिने हाक मारली, "कुनाचं मैत झालं व्हय?"

बसप्पाने मान वर केली नाही. ज्याने स्वतःच्या लेकासाठी गाडी जुंपली नव्हती, त्याला हा प्रश्न म्हणजे घावच होता. ईरम्मालाही ते बोलल्यावर कळलं असावं, कारण ती एकदम उठून आत गेली.

जीप आली तेव्हा आबासाहेब आधी उतरले, कडक इस्त्रीचा कोट घालून, तेही उन्हाळ्यात. मागून मुंबईचे साहेब उतरले. पन्नाशीचा सडसडीत माणूस, खादीचा बुशशर्ट, पायात साध्या चपला. काशम्माने डोळ्यांपुढे कुणी रुबाबदार माणूस उभा केला होता. हा तर तालुक्याच्या मास्तरासारखा दिसत होता, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. रुबाबदार माणसं वरवर बघून जातात. हा बारकाईने बघत होता.

शाळेत मात्र सगळं छान झालं. साहेब पोरींच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यांनी स्वतः पुस्तक उघडून मधल्याच कुठल्या तरी पानावरचं वाचायला सांगितलं. बसम्माने वाचलं, अडखळली, पुन्हा वाचलं. एका पोरीने फळ्यावर हिशेब चुकवला, तर दुसरीने न सांगता उठून दुरुस्त केला. साहेब हसले. आबासाहेबांनी काशम्माकडे बघून डोळा मिचकावला. एवढी वर्षं त्यांना ओळखत होती, पण तिने त्यांना कधी असं करताना बघितलं नव्हतं.

बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर समिती बसली होती. निंगप्पा, ईरम्मा आणि आणखी चारपाच जण. एरवी ही माणसं एकमेकांना बोलू देत नसत. आज सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी होती.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय," निंगप्पा म्हणाला.

"काही भांडण?"

"तसं न्हाय."

साहेबांनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. आबासाहेब लगबगीने म्हणाले, "चला, उन्हं चढायच्या आत झाडं बघू. पाण्याची गाडी येतच असेल."

गायरानावर करंज, कडुनिंब आणि चिंचेची रोपं कमरेएवढी झाली होती. प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण, बुडाशी आळं. साहेबांनी दोनचार ठिकाणी बोटाने माती उकरून बघितली. झाडं खरी होती, हिरवी होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तेवढ्यात चढावरून गाडी दिसली. पिंपं हिंदकळत होती आणि बसप्पा बैलांच्या पुढे पायी चालत होता. गाडीवर तो बसलाच नव्हता.

"आमचे बसप्पा," आबासाहेब म्हणाले. "ऊन असो, वारा असो, एक दिवस खाडा नाही."

साहेब बैलांच्या कपाळावरची ताजी विभूती बघत होते. मग ते गाडीपाशी गेले, मल्लूच्या वशिंडावर हात ठेवला, आणि बसप्पाशी एकदम दुसऱ्याच भाषेत बोलले.

"अज्जा, इवत्त सोमवार अल्लेनू?"

आजोबा, आज सोमवार ना? स्वच्छ कानडी, विजापूरकडची. आबासाहेबांना शब्द कळले नाहीत, पण सोमवार कळला.

"माझं गाव विजापूर जिल्ह्यात," साहेब मराठीत वळून म्हणाले. अजून आवाज शांतच होता. "माझे आजोबा नांगरट अर्धी राहिली तरी सोमवारी बैल जुंपत नसत. वडीलसुद्धा जुंपत नसत. इथे विभूती लावून जुंपलेत. मी असं आयुष्यात बघितलेलं नाही. कुणासाठी जुंपले?"

मागून समितीची माणसं चढ चढून आली होती, तीही थांबली.

"मीच," बसप्पा म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "माज्या मनानं जुंपले. कुनी सांगितलं न्हाय."

बसप्पाच्या तोंडून खोटं ऐकायची वस्तीतल्या कुणाला सवय नव्हती. निंगप्पाने चमकून बघितलं. आबासाहेबांनी मात्र ते खोटं असं उचललं, जसा बुडत्याने दोर पकडावा. "तेच म्हणतो मी," ते म्हणाले, "कामाचा उत्साहच एवढा, की त्यांना वार काय नि..."

"मी सांगितलं."

आपणच बोललो हे काशम्माला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं. आबासाहेबांचे डोळे तिला विनवत होते. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला, पण त्यांचं नाव तिने घेतलं नाही. ते तिच्या तोंडात येऊन परत गेलं.

"मामांना मी सांगितलं. ते न्हाई म्हणाले होते. मी मुलीचं निमित्त पुढं केलं. आमी रोज पाणी जातं असं लिहून दिलं होतं, आणि सोमवारी जात न्हाई. म्हणून."

"समितीला विचारलंत?"

"न्हाई."

"का?"

"न्हाई म्हणाले असते म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पुसायला काही नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "आम्ही ही समिती बसवायला पैसे देतो ते एवढ्यासाठीच, की गावाला नाही म्हणता यावं. माझ्या तोंडावर सुद्धा. मग आता मी काय समजू? आज आणखी काय काय माझ्यासाठी जुंपलंय? ती पोरगी पाठ करून वाचत होती का?"

काशम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडू नव्हतं. तिला संताप आला होता, स्वतःचा आणि या माणसाचाही.

"पान तुमीच उघडलं होतं," ती म्हणाली. "अजून उघडा. बसा दिवसभर. एकेकीला विचारा. आणि झाडं बघा. सोमवारी पाणी न घालता जगलीत ही. खोटं एवढंच हाय, जे ह्या गाडीवर हाय. ते माझं. पोरींचं न्हाय."

बसप्पा इतका वेळ तसाच उभा होता. तो आता पुढे झाला आणि जू सोडू लागला. दोरीची गाठ रोजचीच, पण त्याच्या हातांना ती सुटेना. साहेब दोन पावलं गेले, जुवाची एक बाजू धरली आणि दोघांनी मिळून ते उतरवलं. बैल मोकळे होऊन बाजूला झाले. भरलेली पिंपं तशीच गाडीवर राहिली. त्यातलं पाणी त्या दिवशी कुणी झाडांना घातलं नाही.

"मी जे बघितलं ते लिहीन," साहेब जाताना म्हणाले. चहा त्यांनी घेतला नाही.

जीपमध्ये बसण्याआधी आबासाहेब काशम्मापाशी आले. "तोंड मिटून राहिला असतात तर निभावलं असतं," ते हळूच म्हणाले. ते बरोबर होतं की चूक, हे काशम्माला पुढचे कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

ते दिवस वाईट गेले. शाळा भरत होती, पण शिकवताना तिचं लक्ष वाटेकडे असायचं. पोरींच्या चेहऱ्याकडे बघितलं की तिला वाटायचं, आपण एका वाक्यात यांचं सगळं घालवलं. घरी त्याहून वाईट. बसप्पा तिच्याशी बोलायचा, जेवायला बसायचा, नातीचा धडा ऐकायचा. राग धरलाय असं त्याने एकदाही दाखवलं नाही. फक्त सोमवार आला की तो दिवसभर उपाशी राहायचा, आणि बैल धुवायचं काम त्याने बसम्माला सांगितलं होतं.

"तुमी का न्हाई मामा?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"कंच्या तोंडानं?" तो म्हणाला.

मार्च संपायला आला तेव्हा आबासाहेब दुपारच्या एस. टी.ने आले. ओढ्याकडून येताना दिसले तेव्हा काशम्माने फळ्यावरचा हात खाली घेतला. त्यांच्या चालीवरून काही कळेना. ते शाळेत न येता सरळ कट्ट्यावर जाऊन बसले आणि पाणी मागितलं. समितीची माणसं जमली. बसप्पाही येऊन एका बाजूला बसला.

"शाळा चालू राहतेय," आबासाहेब म्हणाले. "तीन वर्षं. बाईंचा पगारही वाढवलाय."

काशम्मा मटकन खाली बसली. ईरम्माने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्यासारख्या फटकळ बाईने असं केलं म्हणजे ती खूश होती हे समजायचं.

"समितीही चालू. फक्त..." आबासाहेबांनी घसा साफ केला. "गाड्यांचं भाडं बंद केलंय. साहेबांचं म्हणणं, झाडं गावाची आहेत, ती गावाने आपल्या मनाने जगवावीत. मी भांडलो, पण ते ऐकेनात."

सगळ्यांनी बसप्पाकडे बघितलं. भाडं त्याला लागत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याने डोक्यावरचा पटका सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला.

"बरं झालं," तो म्हणाला. "पानी मी घालीन. सोमवार सोडून. भाडं घेत हुतो म्हनून कुनाला बी मला, जुंपा, असं म्हनता आलं. आता माज्या बैलांस्नी कुनी सांगू शकत न्हाय."

तो उठला आणि गोठ्याकडे चालू लागला. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरी त्याने दोन्ही बैल सोडले आणि स्वतः विहिरीवर धुवायला घेऊन गेला. काशम्मा बसल्या जागेवरून ते बघत होती. तिला म्हाताऱ्यासाठी इतकं बरं वाटलं, की स्वतःचं काही तिच्या ध्यानात आलं नाही.

"बाई," आबासाहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून पगाराची पावती काढून कट्ट्यावर ठेवली होती. रेव्हेन्यूचं तिकीट आधीच चिकटवलेलं होतं, आणि पेनाचं टोपण काढून ते पेन पुढे करून बसले होते. "एवढी सही करा. मला चारची गाडी गाठायचीय."

काशम्माने पेन घेतलं. बसप्पाचं बोलणं तेव्हा कुठे तिच्यापर्यंत पोचलं: पैसे घेणाऱ्याला जुंपा म्हणता येतं, आणि पगार तर तिचा वाढला होता. शाळेतून पोरींच्या पाढ्यांचा आवाज येत होता, आणि त्यात बसम्माचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ती थोडा वेळ तो ऐकत राहिली. मग कुणी न सांगता तिने मान खाली घातली आणि सही केली.